सोन्याचं मांजर, वाळूतली टिटवी

मांजर मारलं तर सोन्याचं मांजर करून काशीत दान द्यावं लागतं, असं आमची आजी सांगायची. नागपुरातल्या आमच्या वाड्यात उंदरांपेक्षा मांजरं जास्त झाली होती आणि ती कमी व्हावीत असं सगळ्यांनाच मनातून वाटायचं. पण सोन्याचा भाव ठाऊक असल्यामुळे सगळी सुखरूप राहिली. पुढे माझी थोरली बहीण लग्न होऊन काशीलाच गेली. गेल्या फेब्रुवारीत मी लेकीला घेऊन तिच्याकडे उतरलो, तेव्हा आजीचं ते सोन्याचं मांजर पुन्हा आठवलं. कारण ताई आणि लेक, दोघी पहिल्याच संध्याकाळी मांजरांवरून भांडल्या.

ताईच्या घरापासून मुन्शी घाट पाच मिनिटांवर. दशाश्वमेधच्या आरतीचा गोंगाट इथे येईपर्यंत निम्मा झालेला असतो. एका बाजूला अहिल्याबाईंचा घाट, दुसऱ्या बाजूला दरभंगा नरेशांचा तो किल्ल्यासारखा दगडी महाल, ज्याचं आता हॉटेल झालंय. मधला हा घाट नागपूर राज्याचे मंत्री श्रीधर नारायण मुन्शी यांच्या नावाचा. म्हणून ताईला त्याच्यावर जरा माहेरचा हक्क वाटतो. रोज संध्याकाळी पाचला ती वरच्या एका कोनाड्यापाशी बसते आणि चार ॲल्युमिनियमच्या थाळ्या मांडते. पाच वाजून दोन मिनिटांनी पायऱ्यांच्या फटींतून, नावांच्या आडून, भिंतीवरून मांजरं उतरायला लागतात. मल्लाह त्यांना ‘बिलार’ म्हणतात आणि ताईला ‘बिलारवाली माताजी’. हे नाव तिला आवडत नाही असं ती म्हणते.

लेक नदीकाठच्या पक्ष्यांवर काम करते. दोन हंगाम चंबळेच्या वाळूवर पाणचिऱ्यांची घरटी मोजत राहिली. उन्हानं काळवंडलेली ही मुलगी पायरीवर टेकली, आणि ताईनं थाळीत दूध ओतताक्षणी तिनं तोंड उघडलं.

“आत्या, दूध नको देऊस त्यांना. मोठ्या मांजरांना दूध पचत नाही. पोटं बिघडतात.”

“मांजराला दूध पचत नाही? मग शतकानुशतकं डोळे मिटून काय पीत होती?”

“पीत होती, आणि हगत होती.”

मी नदीकडे पाहू लागलो. समोर पर्यटकांच्या नावांभोवती पांढऱ्या कुरवांचा थवा शेव मागत घिरट्या घालत होता. हे पाहुणे हिवाळ्यापुरते, मार्चपर्यंत निघून जाणारे. त्यांना ती तेलकट शेव पचते का, हे विचारण्याची हिंमत मला झाली नाही.

“दूध सोड,” लेक म्हणाली. “मुळात खायला घालण्याबद्दलच बोलायचंय मला. भाटीला दिवस राहिले की नऊ आठवड्यांत पिल्लं. वर्षाला दोन-तीन वेती. पाच-सहा महिन्यांची झाली की त्या पिल्लांना पिल्लं. पोटभर मिळालं की जास्त होतात आणि जास्त जगतात. तू एका थाळीवर चार मांजरं पोसत नाहीयेस. पुढच्या वर्षीची वीस पोसते आहेस.”

ताईनं काही न बोलता पिशवीतून गेल्या वर्षीचं पंचांग काढलं आणि शेवटचं कोरं पान उघडलं. बारीक अक्षरात अकरा ओळी. ‘काळा बोका, तुटकी शेपटी.’ ‘तिरंगी, नाव कमला.’ ‘राखी रंगाची, मल्लाहाच्या नावेत झोपते.’ सात ओळींपुढे लाल खूण.

“ह्या सातांचं ऑपरेशन झालंय. बघ, डाव्या कानाचं टोक कापलेलं आहे. भूल असतानाच कापतात, म्हणजे पुन्हा पकडून पोट फाडायला नको. चार राहिल्यात. दोन फार हुशार आहेत, पिंजऱ्यात येत नाहीत.”

हे लेकीला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. सोवळ्यातली आमची ताई, आयुष्यात घरात अंडं येऊ दिलं नाही, ती आदल्या रात्री मासळीबाजारातून रोहूची डोकी आणते. सकाळी सहाला पिंजऱ्यात ठेवते, आणि मांजर अडकलं की पिंजऱ्यावर जुनं लुगडं टाकते. अंधार झाला की मांजर शांत होतं, हे तिचं तिनंच शोधलंय. मग ई-रिक्षात पिंजरा मांडीवर घेऊन डॉक्टरकडे. बोक्याला एका दिवसात सोडतात, भाटीला तीन-चार दिवस घरात ठेवावं लागतं. ज्या खोलीत पूर्वी लोणच्याच्या बरण्या असत, तिथे.

“आणि ऐक,” ताई म्हणाली, “खायला घालते म्हणून पकडता येतात. पाचची वेळ त्यांना कळली आहे. पकडायच्या आदल्या संध्याकाळी थाळी मांडत नाही, सकाळी भुकेनं पिंजऱ्यात येतात. तुझ्या त्या सरकारी माणसांना म्हणावं, या आणि घाटावरचं एक तरी बिलार धरून दाखवा.”

लेक हसली. “हे मान्य. खाऊ घालणाऱ्याशिवाय नसबंदी होत नाही. मुंबईत महापालिकेनं 2019 मध्ये मांजरांची नसबंदी सुरू केली, तिथेही हाच अनुभव. कुत्र्यांसाठी 2001 पासून नियम आहेत, 2023 मध्ये नवे आले. मांजरांकडे फार उशिरा लक्ष गेलं.”

“मग झालं तर.”

“नाही झालं. सात झाल्या, चार राहिल्या. त्यातली एक भाटी राहिली तरी वर्षात तू पुन्हा अकरावर. एखाद्या ठिकाणची बहुतेक सगळी व्हायला हवीत, तीही लवकर. वर कोण नवीन येतंय यावर नजर. नाहीतर भांड्याला भोक ठेवून पाणी उपसल्यासारखं आहे.”

“नवीन येतात ती गल्लीतल्या घरांतून,” ताई म्हणाली. “लोकांना पिल्लू हवं असतं, मांजर नको असतं.”

या एका वाक्यावर दोघींचं इतकं एकमत झालं की मला वाटलं भांडण मिटलं.

पण काळा बोका त्या वेळी पायरीवर पोट टेकून सरपटत होता. दहा हातांवर एक धोबी पक्षी शेपटी हलवत किडे टिपत होता. बोक्याचा कान कापलेला होता. लेकीनं बोट दाखवलं.

“हा तुझ्या यादीत लाल खूण मिळालेला. मला सांग, ऑपरेशननं त्याची शिकार थांबली?”

“पोट भरलेलं आहे त्याचं.”

“पोटाचा संबंध नाही, आत्या. भूक आणि शिकार या मांजराच्या डोक्यातल्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भरल्या पोटानंही ते झडप घालतं. नसबंदीनं पुढची पिढी थांबते, पण हा पुढची आठ-दहा वर्षं असाच सरपटणार. अमेरिकेत 2013 मध्ये एक मोठा अंदाज काढला होता. तिथली मांजरं वर्षाला किमान एक अब्ज तीस कोटी पक्षी मारतात, आणि त्यातली बहुतेक बिनमालकाची मांजरं. नसबंदी करून परत सोडणं म्हणजे सगळं झालं, असं मांजरवाले म्हणतात तेव्हा पक्षीवाले चिडतात ते यासाठी.”

“अमेरिकेतलं अमेरिकेत. इथे घाटावर काय आहे? कबुतरं आणि उंदीर. उंदीर मारतात ते चांगलंच की.”

“घाटावरची घूस पाहिली आहेस?”

ताई गप्प झाली. घूस तिनं पाहिली होती. मीही सकाळीच पाहिली होती, गटारावरच्या फरशीखाली, पायातल्या चपलेएवढी. तुटक्या शेपटीचा बोका तिला पाहून बाजूला झाला होता. न्यूयॉर्कमध्ये एका कचरा कारखान्यात अभ्यासकांनी कॅमेरे लावून हेच पाहिलं, लेकीनं सांगितलं. 79 दिवसांत मांजरांनी मोठे उंदीर मारले ते फक्त दोन. मोठ्या उंदराशी झुंजण्यापेक्षा चिमणी, सरडा, पाल सोपी.

“मग घंटा बांधू गळ्यात?” ताईनं टोमणा मारला.

“घंटेचा उपयोग दिसत नाही. 2021 मध्ये इंग्लंडमध्ये पाळीव मांजरांवर पाहिलं. घंटेनं काही ठोस फरक पडला नाही. गळ्यात भडक रंगाची कापडी झालर घातली की पक्ष्यांना मांजर लांबून दिसतं, त्यानं पक्ष्यांची शिकार साधारण 42 टक्क्यांनी कमी झाली. मांसाचा भरपूर अंश असलेलं खाणं दिलं तर घरी आणलेली शिकार 36 टक्क्यांनी कमी, आणि रोज पाच-दहा मिनिटं खेळवलं तर 25 टक्क्यांनी.”

“म्हणजे पोटाचा संबंध आहे!”

“खाण्याच्या जातीचा आहे, पोट भरण्याचा नाही. आणि थांबत नाही, कमी होते.”

घंटेची म्हण इतकी वर्षं उंदरांच्या बाजूनं सांगितली गेली, की घंटा बांधलीच तर चालेल का हे कुणी विचारलंच नव्हतं.

ताई आता मूळ प्रश्नावर आली. माझी बहीण शिक्षिका होती. विद्यार्थ्याला फिरवून फिरवून शेवटी फळ्यासमोर उभं करायची तिची सवय जुनी आहे.

“बरं. मग तुझं म्हणणं काय? उचलायची? कुठे न्यायची? मारायची? ते सोन्याचं मांजर कोण देणार?”

“सोन्याच्या मांजराचं म्हणशील तर मनुस्मृतीत, प्रायश्चित्ताच्या अकराव्या अध्यायात, ज्या श्लोकात मांजर येतं, त्याच श्लोकात मुंगूस, चाष पक्षी, बेडूक, घोरपड, घुबड, कावळाही येतात. सगळ्यांना एकच दंड. मांजराचं सोनं झालं आणि बेडूक विसरला, हे नंतरच्या लोकांनी केलं. आणि तो दंड कुठला माहीत आहे ना? शूद्राला मारल्याइतका. त्यामुळे त्या पोथीची करुणा तू मला नको सांगूस.”

“मी पोथी सांगत नाही. सटवाईचं वाहन मांजर आहे, माझ्या दोन्ही बाळंतपणांत तिची पूजा केली, तेवढं पुरे मला. मी विचारलं कुठे न्यायची.”

लेकीकडे याचं सरळ उत्तर नव्हतं. पण तिनं पळ काढला नाही. दक्षिण आफ्रिकेच्या मॅरियन बेटाची गोष्ट तिनं सांगितली. 1949 मध्ये हवामान केंद्रातले उंदीर मारायला तिथे पाच मांजरं नेली. अठ्ठावीस-तीस वर्षांत ती तीन हजारांवर गेली आणि बिळात घरटं करणारे समुद्रपक्षी वर्षाला लाखांनी खाऊ लागली. मग विषाणू, बंदुका, सापळे, विष असं सगळं वापरून 1991 पर्यंत शेवटचं मांजर संपवलं.

“आणि?” ताईनं विचारलं. शिक्षिकेला धड्याचा उरलेला भाग असतो हे माहीत असतं.

“आणि उंदीर राहिले. ते आता अल्बट्रॉसची जिवंत पिल्लं कुरतडतात. त्यांना काढायच्या मोहिमेची तयारी चालू आहे.”

“बघ.”

“बघ काय? पक्षी वाचले, आत्या. मांजरं असती तर काही जाती त्या बेटावरून गेल्याच असत्या. बेटावर संपवता येतं, कारण चहूबाजूंनी समुद्र. काशीत संपवता येत नाही. एक उचललं की त्या जागेवर शेजारच्या गल्लीतलं येतं. म्हणून घाटावर मारून काही होणार नाही, हे मी तुझ्याइतकंच म्हणते. मला मारायची हौस नाही. माझं म्हणणं इतकंच की जागा बघून नियम हवा. घाटावर एक, आणि तिकडे दुसरा.”

‘तिकडे’ म्हणताना तिनं नदीपलीकडे हात केला. फेब्रुवारीत गंगा उतरते आणि पूर्वेकडे वाळू उघडी पडते. आपण पंढरपुरात ज्याला वाळवंट म्हणतो तेच, फक्त इथे चंद्रभागेच्या कितीतरी पट. मार्चपासून तिथे नदी टिटव्या आणि सुरय वाळूतच खळगी करून अंडी घालतात. घरटं म्हणावं असं काही नसतंच, पाऊल पडलं तरी कळणार नाही. चंबळेवर नदी उतरून बेटं काठाला लागली की कुत्री चालत येतात आणि एका रात्रीत वसाहत साफ करतात. बीएनएचएस या निसर्ग-अभ्यास संस्थेनं तिथे गावातल्याच माणसांना घरटी राखायला लावलं. कोकणात वेळासला कासवांची अंडी कुंपणात हलवतात ती कुत्र्या-कोल्ह्यांपासून वाचवण्यासाठीच. लेकीनं स्वतःहून कबूल केलं की वाळूवर मांजरापेक्षा कुत्रा कितीतरी मोठा गुन्हेगार आहे. पण मांजर अंधारात येतं, आवाज न करता, आणि त्याला मोजत कुणी नाही.

इथे ताई खरी पेटली.

“वाळवंटाचं मला सांगतेस? रामनगरच्या किल्ल्यापासून राजघाटच्या पुलापर्यंत सात किलोमीटर कासव अभयारण्य होतं इथे. 1989 मध्ये केलं. सारनाथला अंडी उबवून पिल्लं सोडायचे, अर्धवट जळालेली प्रेतं खाऊन नदी साफ करतील म्हणून. मुलाला घेऊन गेले होते मी बघायला, डब्यांतून पाण्यात सोडत होते. 2020 मध्ये अभयारण्याचा दर्जाच काढून टाकला. 2021 मध्ये त्याच वाळूत कालवा खणला, पावसाळ्यात गंगेनं तो बुजवून टाकला. 2023 मध्ये तंबूंचं शहर उभं केलं. कासवांचं घर सरकारनं काढलं, आणि तू माझ्या कमलेवर उठलीस!”

लेक बराच वेळ बोलली नाही. मलाही वाटलं, हा घाव बसला. निसर्ग वाचवण्याची भाषा बऱ्याचदा अशाच माणसापुढे बोलली जाते ज्याच्या हातात थाळीपलीकडे काही नसतं. कालवा खणणाऱ्याशी वाद घालायला लेकीला कुणी बोलावलंच नव्हतं.

“ते खरंय,” ती शेवटी म्हणाली. “पण दरोडा पडला म्हणून मागचं दार उघडं टाकायचं का? तंबू आले की उष्टं येतं, उष्ट्यामागे उंदीर, उंदरांमागे बिलार. नावेतून जातात ती. मी सकाळी त्या मल्लाहाला विचारलं. म्हणाला, लोक पोत्यात पिल्लं आणून देतात, पलीकडे सोडून ये म्हणतात.”

ताई थाळी उचलायला वाकली. वाकलेलीच राहिली.

“दोनदा दिली आहेत मी,” ती म्हणाली. “नसबंदीचं कळायच्या आधी. तीन एकदा, दोन एकदा. वाटलं तिकडे मोकळं आहे, मासे आहेत, गाड्या नाहीत. पन्नास रुपये देऊन पाठवली. घरी येऊन दिवा लावला.”

कुणीच काही बोललं नाही. पलीकडच्या उघड्या वाळूवर पाच आठवड्यांच्या पिल्लाचं काय होतं ते तिघांनाही समजत होतं. वर घारी आहेत, खाली कुत्री. जगलंच एखादं, तर ते टिटवीच्या अंड्यांवर जगलं असणार. सोन्याचं मांजर द्यायला नको म्हणून आपण मांजर मारत नाही, पोत्यात घालून गावाबाहेर सोडतो. आमच्या वाड्यातही हेच व्हायचं, आता आठवतं. कोतवाल ‘लांब’ सोडून यायचा. लांब म्हणजे अंबाझरीकडे, जिथे त्या काळी झाडीच होती.

“गावाच्या कडेला हे आणखी वाईट,” लेक म्हणाली, आवाज उतरलेला. “आपल्याकडे वाघाटी असते, घरच्या मांजराहून लहान, अंगावर गंजाच्या रंगाचे ठिपके. ऊसतोडीत तिची पिल्लं सापडली की जुन्नरकडे वनखातं ती रात्रभर त्याच जागी ठेवतं, आई येऊन घेऊन जाते. त्याच बांधावर कुणी घरची मांजरं सोडली की त्यांचे आजार वाघाटीत जातात. रानमांजराशी तर संकरही होऊ शकतो. स्कॉटलंडचं रानमांजर असंच घरच्या मांजरात विरघळत गेलं.”

“म्हणजे सोडायचं नाही कुठेच.”

“जिथलं तिथेच. ऑपरेशन करून, लस टोचून. नाहीतर घरात. आणि पलीकडे थाळी कुणी मांडायची नाही, तू सांगायचं. तुझं ऐकतील, माझं नाही.”

“मल्लाहाला मी सांगेन,” ताई म्हणाली. “पण माझी थाळी मी बंद करणार नाही.”

“बंद नको करूस. दुधाऐवजी मासे दे. अंधारापूर्वी थाळ्या उचल, घुशींसाठी नको ठेवूस. आणि धोबी उतरतात ती खालची पायरी सोड, वर कोनाड्यातच घाल.”

“झालरी शिवू का गळ्यात घालायला?”

“घाटावरच्या मांजराला पट्टा नको. कुठेतरी अडकून फास बसेल.”

शिकार करणाऱ्या त्या सात लाल खुणांचं काय, हा प्रश्न तसाच राहिला. लेकीच्या मते शहरातल्या घाटावर ती किंमत सोसावी लागेल. ताईच्या मते ती किंमतच नाही, तो निसर्ग आहे. यावर जेवताना, रात्री गच्चीवर आणि सकाळी गाडीला निघताना पुन्हा भांडण झालं. मला कुणाचंच पूर्ण पटलं नाही. निसर्ग म्हणावं तर मांजर इथे माणसाच्या थाळीवर जगतं. किंमत म्हणावं तर ती मोजणारा धोबी पक्षी बैठकीला नसतो.

निघण्याआधी लेकीनं पंचांगाच्या त्या पानावर पट्टीनं एक नवा रकाना आखला आणि वर लिहिलं, ‘काय मारलं’. ताई म्हणाली, मी काही चित्रगुप्त नाही.

एप्रिलच्या शेवटी ताईचा फोटो आला. अकरापैकी नऊ ओळींपुढे लाल खूण होती, आणि नवा रकाना भरलेला. पाल 4, उंदीर 2, सरडा 1, धोबी 1. ‘धोबी’ आधी खोडलेला होता, मग शेजारी पुन्हा लिहिला होता.